मला काय, चटणी चालते

घरोघर जाऊन ‘काल दिवसभरात काय काय खाल्लंत?’ असं विचारण्याचं काम मी काही वर्षं केलं. आहाराची पाहणी करण्याची ही जुनी पद्धत. समोरच्या व्यक्तीला काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंतचं खाणंपिणं आठवायला सांगायचं. पिशवीत ठरावीक मापाच्या वाट्या, पळ्या आणि पुठ्ठ्याच्या गोल चकत्या असायच्या. भाकरी या चकतीएवढी होती की त्या, आमटी या वाटीने किती, असं विचारत फॉर्म भरायचा. काम कंटाळवाणं, पण त्यातून इतरांच्या स्वयंपाकघरात मला जेवढं दिसलं तेवढं कुठल्याही ग्रंथालयात दिसलं नसतं.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात एका घरी गेले होते. सून पंचविशीची, अंगावर पिणारं मूल मांडीवर. ‘काल काय जेवलात?’ या प्रश्नावर ती लगेच म्हणाली, ‘आमच्यात काल मटकीचं कालवण झालं होतं, भाकरी, थोडा भात.’ मी वाटी पुढे केली. ‘तुम्ही किती घेतलं कालवण?’ ती हसली आणि म्हणाली, ‘मला काय, चटणी चालती.’ शेजारी शेंगा फोडत बसलेल्या सासूबाईंनी मान वर न करता पुस्ती जोडली, ‘तिला कोरड्यास आवडतच न्हाय, ताई. पयल्यापासून.’

पुढे हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं की फॉर्मवर त्याच्यासाठी वेगळा रकाना असायला हवा होता. दूध पचत नाही, अंड्याचा वास येतो, सकाळी भूकच लागत नाही, भात खाल्ला की जड होतं. ज्या वस्तू घरात कमी येतात नेमक्या त्याच बायकांना आवडेनाशा कशा होतात, याचा उलगडा व्हायला मला वेळ लागला. त्या खोटं बोलत होत्या असं नाही. वर्षानुवर्षं जे ताटात येत नाही, त्याची आवड उरत नसावी. पण या उत्तरांमध्ये पैशाचा उल्लेख कुठेच येत नाही, आणि म्हणून टंचाईचा हिशेब मांडणाऱ्याच्या हाती त्या घरातलं निम्मं काहीच लागत नाही.

याचं एक कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे. आपल्याकडे खर्चाच्या मोठ्या पाहण्या होतात त्या कुटुंब हा घटक धरून. घरात महिन्याला डाळ किती आली, तेल किती आलं, हे त्यात नोंदवलं जातं, मग एकूण आकड्याला माणसांच्या संख्येने भागायचं. या भागाकारात सून आणि सासरा यांच्या वाट्याला सारखीच डाळ येते. प्रत्यक्ष चुलीपुढे तसा भागाकार होत नाही. राष्ट्रीय पोषण संनियंत्रण विभाग नावाची एक यंत्रणा १९७२पासून देशातल्या काही राज्यांत माणसागणिक आहार नोंदवत होती, महाराष्ट्र त्यात होता. २०१५च्या सुमारास ती बंद पडली. बंद पडल्याची कुठे फारशी चर्चाही झाली नाही.

मग आपल्याला कळतं ते शरीरावरून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात लोहाची, अधिक नेमकं सांगायचं तर हिमोग्लोबिनची, कमतरता आढळली. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होतं. महाराष्ट्रात स्त्रियांचा आकडा ५४.२ टक्के. त्याआधीच्या फेरीत तो ४८ होता, म्हणजे सुधारण्याऐवजी तो वाढला. बोटाच्या टोकातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर ही तपासणी होते, तिने प्रमाण फुगतं असा काही तज्ज्ञांचा आक्षेप आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. परंतु थेंब पुरुषांचाही बोटातूनच घेतला होता. दोघांमधली दरी त्या आक्षेपाने बुजत नाही.

या दरीला शरीराचं कारण आहेच. पाळीत दर महिन्याला रक्त जातं, बाळंतपणात जातं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२०मध्ये सुधारलेल्या शिफारशींनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागतं आणि स्त्रीला २९. म्हणजे घरात ज्या व्यक्तीला लोहाची गरज दीडपट आहे, तिच्याच ताटात लोहाचे पदार्थ सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी येतात. निसर्गाने एक खड्डा करून ठेवला आहे, आणि घरात पैसा कमी असला की तो आणखी खोल होतो.

पैसा कमी पडतो तेव्हा जेवण कसं आटतं, त्यालाही एक क्रम असतो. धान्य सगळ्यांत शेवटी कमी होतं. आधी जातं फळ, जे बहुतेक घरांत आजारी माणसापुरतंच येतं. मग अंडी, मग मटण-मासळी. कोकणात आणि देशावरही सुकट-बोंबील हा गरिबाचा आधार होता, तोही आता स्वस्त राहिलेला नाही. मग दूध. इथे एक गंमत आहे, गंमत म्हणायची तर. दारात संकरित गाय असलेल्या घरात दूध असतं, पण ते पहाटे संकलन केंद्रावर जातं, कारण पेंडीची उधारी आणि बँकेचा हप्ता त्यातूनच फिटायचा असतो. घरात राहतं ते चहापुरतं. गाईची धार काढणारी, शेण काढणारी, वैरण घालणारी बाई दिवसाला दोन चमचे दूध पिते, तेही साखर आणि पत्तीत. त्यानंतर पाळी डाळीची. डाळ एकदम बंद होत नाही, ती पातळ होते. वरणाचं आमटीत, आमटीचं येसरात रूपांतर होतं. पातळ कालवणाचं वाढण ज्याच्या हातात असतं त्याला एक गोष्ट नीट ठाऊक असते : तळाशी डाळ असते आणि वर पाणी. नवऱ्याला आणि मुलांना पळी तळापर्यंत घालून वाढलं जातं. स्वतःच्या वेळी पातेलं तिरपं करायचं.

धान्य मात्र टिकतं, आणि त्यात रेशनचा वाटा मोठा आहे. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. आधी तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो होता, जानेवारी २०२३पासून तेही मोफत आहे. याच कायद्याने शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या थोरल्या स्त्रीचं नाव लावलं, ही लहान वाटणारी पण चांगली तरतूद. रेशनमुळे उपासमार टळली हे मान्य करायलाच हवं. त्याची टिंगल करणाऱ्यांनी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एखाद्या भूमिहीन घराचा डबा उघडून पाहावा.

तरीही हिशेब करून बघू. महिना ५ किलो म्हणजे दिवसाला साधारण १६५ ग्रॅम. त्यातून सुमारे ५७० उष्मांक मिळतात. शेतात किंवा घरकामात राबणाऱ्या, मध्यम कष्टाच्या स्त्रीला दिवसाला २१३० उष्मांकांची गरज धरली जाते. म्हणजे रेशन जेमतेम चतकोर भागवतं. हे सगळं धान्य तांदूळच असेल तर त्यातून लोह मिळेल साधारण १ मिलिग्रॅम, कारण सडलेल्या तांदळात १०० ग्रॅममागे ०.६५ मिलिग्रॅम इतकंच लोह असतं. ज्वारीत ते जवळपास ४ आहे, नाचणीत साडेचारच्या पुढे आणि बाजरीत ६.४. नाचणीत कॅल्शियम किती, तर १०० ग्रॅमला ३६४ मिलिग्रॅम. एके काळी गरिबाचं म्हणून हिणवलं गेलेलं हे धान्य आता शहरातल्या दुकानांत सुंदर पाकिटांतून विकलं जातं. मराठवाड्यातल्या बाया सांगतात, आमची भाकरी तुमच्याकडे गेली आणि तुमचा भात आमच्याकडे आला. ज्वारी पिकवणारं घरही बऱ्याचदा ती विकतं आणि रेशनच्या गव्हाची पोळी खातं, कारण ज्वारीला भाव जास्त मिळतो. व्यवहार म्हणून ते बरोबरच आहे.

अलीकडे रेशनच्या तांदळात लोहयुक्त दाणे मिसळले जातात, शंभर दाण्यांना एक या प्रमाणात. कल्पना चांगली, पण गावात कोणी नीट समजावून सांगितलं नाही. दाणा पाण्यावर तरंगतो, रंगाने किंचित वेगळा दिसतो, त्यामुळे ‘प्लास्टिकचा तांदूळ’ अशी हाकाटी झाली. एका अंगणात मी तीन बायकांना सूप घेऊन ते दाणे एकेक करून वेचून फेकताना पाहिलं आहे. नेमकं लोह तेवढं बाजूला.

सरकारी धान्याबद्दलचा हा संशय जुना आहे. साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी ज्यांनी खाल्ली त्यांच्या तोंडाची चव अजून जात नाही. बहात्तरच्या दुष्काळाचं नाव काढलं की म्हाताऱ्या बाया दोन शब्द उच्चारतात : मिलो आणि सुकडी. दुष्काळी कामांवर पीठ, गूळ आणि तेलाची सुकडी वाटली जायची. मे १९७३मध्ये महाराष्ट्रात अशा कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती आणि त्यात बायकांची संख्या प्रचंड होती. ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी या दुष्काळाचा अभ्यास करताना दाखवलं की धान्याची भीषण तूट असूनही महाराष्ट्रात भूकबळींचं थैमान झालं नाही, त्याचं मोठं श्रेय कामाला आणि हातात आलेल्या मजुरीला जातं. याच काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला.

पोषणाच्या दृष्टीने मला या इतिहासात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. खडी फोडणाऱ्या बाईला मजुरी स्वतःच्या हातात मिळाली, ही एक. आणि सुकडी कामावर मिळायची, तिथेच खायची, ही दुसरी. ती पदराला बांधून घरी नेणाऱ्याही होत्या म्हणा, पण निदान काही घास तिथे बसून पोटात जायचे. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यायचं आहे.

मधल्या पन्नास वर्षांत फुकटचं अन्नही आटलं. पावसाळ्यात खुरपायला गेलेली बाई परतताना ओट्यात तांदुळजा, घोळ, पाथरी, कुर्डू असं काही ना काही घेऊन यायची. ती भाजी विकत घ्यावी लागत नसे आणि म्हणून घरखर्चाच्या कुठल्याच वहीत तिची नोंद नसे. तणनाशकांची फवारणी सुरू झाली तशी ही भाजी गेली आणि खुरपणीची मजुरीही गेली. एका पंपाने बाईचं दोन्हीकडून नुकसान केलं. तसंच दलित आणि भटक्या समाजांच्या खाण्याचं. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे २०१५ सालचं पुस्तक वाचताना जाणवतं की बाकीच्या समाजाने ज्याला नावं ठेवली त्या रक्ती, वजडी, काळीज, चान्यांमध्येच शरीराला सहज शोषता येणारं लोह होतं. त्याच वर्षी राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवर बंदी आली. त्या कायद्याची बाजू घेणारे आणि विरोध करणारे दोघेही खूप बोलले. हे मांस स्वस्त होतं आणि ते गेल्यावर त्या घरांतल्या बायकांच्या ताटात त्याच्या जागी काय आलं, हा प्रश्न मात्र दोन्हीकडून कमीच विचारला गेला. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये बाळंतिणीची भूक लिहून ठेवली आहे. ती पानं ज्यांनी वाचली आहेत त्यांना या विषयावर वेगळा अहवाल वाचायची गरज नाही.

बाळंतिणीवरून पुण्याच्या एका अभ्यासाकडे येते. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. जवळपास ८०० गरोदरपणं त्यात नोंदली गेली. या स्त्रियांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होतं. गरोदरपणाच्या अठराव्या आठवड्यात त्यांचा आहार दिवसाला सुमारे १७७० उष्मांक आणि ४५ ग्रॅम प्रथिनं इतका होता. अठ्ठाविसाव्या आठवड्यात, जेव्हा पोटातलं मूल झपाट्याने वाढत असतं, तेव्हा तो वाढण्याऐवजी थोडा कमीच झालेला आढळला. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन २६६५ ग्रॅम भरलं.

या अभ्यासातली मला सर्वांत बोलकी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. बाळाचा आकार आईने एकूण किती उष्मांक खाल्ले यापेक्षा ती पालेभाजी, फळं आणि दूध किती वेळा घेते याच्याशी अधिक जुळत होता. म्हणजे टंचाईच्या क्रमात ज्या गोष्टी आधी गळतात, त्याच. भाकरीने पोट भरतं, पण बाळाला लागणाऱ्या कितीतरी गोष्टी भाकरीत नसतात. आणि जी आई विहिरीवरून पाणी आणणं, शेतातली कामं असे जड कष्ट गरोदरपणातही करत होती, तिचं बाळ आणखी लहान होतं. याज्ञिकांनी या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांशी केली तेव्हा दिसलं की आपली बाळं हलकी असली तरी त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून आहे आणि कमी पडले आहेत ते स्नायू. पुढे मधुमेह जडण्याची बीजं तिथे असावीत असं त्यांनी मांडलं. आईच्या ताटातली टंचाई अशी पन्नाशीतल्या मुलाच्या रक्तातल्या साखरेपर्यंत पोचते.

टंचाई म्हणजे हाडं निघालेली बाई, ही आपल्या डोळ्यांपुढची प्रतिमाही आता अपुरी आहे. पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २०.८ टक्के स्त्रिया उंचीच्या मानाने कमी वजनाच्या निघाल्या आणि २३.४ टक्के जादा वजनाच्या. ही दुसरी संख्या सगळी सुखवस्तू घरांतली नाही. मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत चार घरची धुणीभांडी करणारी बाई सकाळी चहा-खारी खाऊन निघते, दुपारी कुणाकडचा उरलेला भात, संध्याकाळी वडापाव आणि रात्री पुन्हा भात खाते. पाच-दहा रुपयांत पोट भरायचं तर तेल, मैदा आणि साखर यांच्याइतकं स्वस्त काही नाही. तिचं वजन वाढतं, रक्त वाढत नाही. दवाखान्यात तिला ‘खाणं कमी करा’ असा सल्ला मिळतो, तो ऐकून ती सकाळचं जेवण सोडते.

पैशाइतकीच वेळेची टंचाई असते, आणि तिचं सर्वांत उघडं रूप ऊसतोडणीच्या तळावर दिसतं. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा मराठवाड्यातून ट्रक आणि ट्रॅक्टर कारखान्यांकडे निघालेले असतील. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, एक दिवस खाडा झाला तर त्याचे पैसे कापले जाणार. कोपीत बाई पहाटे तीन-साडेतीनला उठते. पाणी, सरपण, भाकरी. दिवसभराच्या भाकऱ्या एकदाच थापून फडक्यात बांधायच्या. फडात नवरा तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीत चढवते. दुपारी ती वाळलेली भाकरी ठेच्याबरोबर. आडोसा नसल्याने पाणी कमी प्यायचं आणि खाणंही बेतानं, म्हणजे बाहेर जायची वेळ येणार नाही. घरचं रेशन गावात राहतं. कागदावर आता ते देशात कुठूनही उचलता येतं, पण फडापासून दुकान किती लांब आणि तिथे अंगठा उमटवायला रोजगार बुडवून कोण जाणार? गरोदर असली तर गावच्या अंगणवाडीची यादीही मागेच राहते. उसाचे वाढे विकून जे थोडे रोख पैसे येतात ते बऱ्याचदा बाईच्या हाती असतात, आणि तळाजवळच्या बाजारातून भाजी येते ती त्यातूनच. त्या वर्षी वाढ्यांना भाव नसला की भाजी नाही.

बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९मध्ये गाजला, राज्याने समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींच्या शस्त्रक्रिया झालेल्या आढळल्या. त्यात डॉक्टरांचा लोभ, मुकादमाचा धाक असं बरंच होतं. पण अंगावरून जाणं, त्याने येणारा अशक्तपणा आणि खाड्याची भीती हे एकमेकांत कसे गुंतलेले आहेत, हे त्या बायकांशी बोलल्यावर कळतं. एक जण म्हणाली, ‘पिशवीच काढली म्हणजे रगत जायचं थांबतं आन् खाडा बी.’

इतकं सगळं असूनही तब्येतीबद्दल विचारलं की उत्तर येतं, ‘बरी हाय.’ या ‘बरी हाय’ला इतिहास आहे. बंगालच्या दुष्काळानंतर, १९४४ साली, कलकत्त्याजवळच्या सिंगूरमध्ये विधुर आणि विधवांना त्यांच्या प्रकृतीबद्दल विचारलं गेलं होतं. जवळपास निम्म्या विधुरांनी तक्रार सांगितली. विधवांपैकी तक्रार करणाऱ्या होत्या अवघ्या २.५ टक्के. दुष्काळातून नुकत्याच बाहेर पडलेल्या, समाजात सर्वांत उपेक्षित असलेल्या त्या बायकांची प्रकृती उत्तम होती असं कोण म्हणेल? सेन हे उदाहरण वारंवार देत आले आहेत. आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी १९८९मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन गावांतल्या ६५० स्त्रियांपैकी ५५ टक्के स्त्रियांनी स्त्रीरोगाची तक्रार सांगितली होती, तपासणीत आजार निघाले ९२ टक्क्यांमध्ये. ‘चटणी चालती’ हे वाक्य त्याच जातकुळीचं आहे. म्हणून केवळ विचारून केलेल्या पाहणीवर माझा स्वतःचाच विश्वास पुरता बसत नाही.

उपायांबद्दल बोलायचं तर सगळ्यात सोपा म्हणून ज्याच्यावर भर दिला जातो तो गोळ्यांचा. गरोदरपणात १८० आणि बाळंतपणानंतर १८० लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात. त्या पत्र्याच्या डब्यात, फळीवर, देवाच्या फोटोमागे मी पाहिल्या आहेत. न खाण्याचं कारण अज्ञान असं सांगितलं जातं. पण लोहाची गोळी उपाशी पोटी घेतली की मळमळतं, आणि जी बाई दुपारी बारापर्यंत चहावर असते तिने ती भरल्या पोटी घ्यायची कधी? शिवाय जेवणाबरोबरचा चहा अन्नातलं लोह शोषू देत नाही. तरी चहा सोडा असं सांगताना जीभ अडखळते, कारण दिवसभरात बसून, निवांतपणे, गरम असं ती जे काही घेते ते तेवढंच.

घरपोच आहाराचं पाकीट ही दुसरी वाट. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीतून रोज ६०० उष्मांक आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. पाकीट घरी गेलं की ते घराचं होतं. मोठी मुलं खातात, कधी सासरे, चव लागली नाही तर शेरडं. त्या आईला दोष देण्यात अर्थ नाही. पोरं पुढ्यात असताना एकटीने खाणारी आई आपण कुठे पाहिली आहे?

म्हणून २०१५मध्ये राज्याच्या आदिवासी भागांत सुरू झालेली अमृत आहार योजना मला विचाराने योग्य वाटते. गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतरचे सहा महिने अंगणवाडीत येऊन एक वेळचं गरम, पूर्ण जेवण : भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, भाजी, शेंगदाण्याचा लाडू, अंडं किंवा केळं. सुकडीमागचंच तत्त्व, तिथे बसून खायचं. पैसे वेळेवर येत नाहीत, माणशी सुरुवातीला २५ आणि नंतर ३५ रुपयांत महागाईला तोंड देत हे सगळं बसवताना अंगणवाडी ताईंची तारांबळ होते, लांबच्या पाड्यावरून जड पोटाने चालत येणं सोपं नसतं. पण ज्या ठिकाणी ती नीट चालली होती तिथे मी पाहिलेलं दृश्य विसरता येत नाही. आठ-दहा जणी रांगेत बसलेल्या आणि दुसरंच कुणी त्यांना वाढत होतं. एकीने ‘घ्या अजून’ म्हटल्यावर हात आडवा धरला, मग शेजारणीकडे पाहिलं आणि काढून घेतला.

अर्थात गरोदरपणात खाऊ घालणं हेही उशिराचं असतं. डायेन कॉफी यांनी २०१५मध्ये दाखवलं की भारतात गर्भधारणेच्या वेळीच ४२ टक्के स्त्रिया कमी वजनाच्या असतात, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत हेच प्रमाण १६.५ टक्के. मुंबईच्या वस्त्यांत २००६पासून झालेल्या ‘सरस’ प्रकल्पात साडेसहा हजारांवर स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज एक खाऊ दिला गेला. त्यांच्यापैकी एका गटाच्या खाऊत पालेभाजी, फळं आणि दूध होतं. एकूण सरासरीत बाळांच्या वजनात फरक पडला नाही. मात्र ज्यांनी किमान तीन महिने आधीपासून तो खाल्ला त्यांच्या बाळांचं वजन सुमारे ४८ ग्रॅमने जास्त भरलं, गरोदरपणातला मधुमेहही कमी झाला. त्यातही अगदी कृश स्त्रियांच्या बाळांना वजनाचा लाभ दिसला नाही. जिची उपेक्षा जन्मापासून झाली तिला वर्षभराचा खाऊ पुरत नाही, असा मी त्याचा अर्थ लावते.

रोख पैशाचं काय? मातृवंदना योजनेचे ५ हजार बहुतेकींच्या बाबतीत बाळ रांगायला लागल्यावर येतात. २०२४पासून लाडकी बहीण योजनेचे महिना १५०० रुपये बायकांच्या खात्यात येऊ लागले. त्यावर राजकीय अंगाने भरपूर लिहिलं गेलं आहे, त्यात भर घालत नाही. मी चार-पाच घरांत विचारलं, पैशाचं काय केलं? मुलाची फी, बचतगटाचा हप्ता, सासूची औषधं, एकीने शेळी घेतली. स्वतःच्या खाण्यासाठी काही आणलं का, असं विचारल्यावर त्या माझ्याकडे अशा पाहू लागल्या की मी भलतंच काही विचारलं असावं. एक म्हातारी तेवढी म्हणाली, ‘आठवड्याला अर्धा डझन अंडी आणते. नातवाला देते, एक मी खाते. माझं नाव आहे ना पैशावर.’

आष्टीच्या त्या घरातला फॉर्म पुरा करायला मला तासभर लागला. सकाळचा चहा, दहा वाजताचा चहा, दुपारी भाकरी दीड, रात्री पुन्हा. ठेच्यासाठी मी सर्वांत लहान चमचा पुढे केला. सासूबाई आत गेल्यावर सून पुढे सरकली आणि हळूच म्हणाली, ‘ताई, मटकी बी लिवा की. न्हाईतर वाचणारे म्हणतील, ह्या घरात सुनंला खायला देत न्हाईत.’

मी लिहिलं : भाकरी दीड, ठेचा एक चमचा, चहा तीन कप. मटकी शेऱ्याच्या रकान्यात लिहिली.